विषय: शाळेने ओवीचा लसीकरणाचा कागद परत पाठवला

प्रेषक: केतकी
१२ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी,

आम्ही जूनमध्ये नाशिकहून बॉस्टनजवळ राहायला आलो. ओवीला पाच पूर्ण झाली, सप्टेंबरपासून किंडरगार्टन. तिच्या लसीकरणाची फाईल हरवू नये म्हणून मी विमानात मांडीवर घेऊन बसले होते. काल शाळेच्या नर्सबाईंनी ती लाल खुणा करून परत दिली. एमएमआरचे (गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लशीचे) दोन्ही डोस अमान्य, कांजिण्यांची लस अमान्य, पल्स पोलिओचे थेंब तर धरलेच नाहीत.

ओवीचा जन्म २० मे २०२०चा, ऐन लॉकडाउनमधला. रिक्षा मिळत नव्हत्या तेव्हा हिचे बाबा आम्हाला स्कूटरवरून दवाखान्यात न्यायचे. दोन वर्षांपर्यंतचा एकही डोस आम्ही चुकवला नाही. तारखा अशा: एमएमआर ०२/०३/२०२१ आणि ०३/०८/२०२१, कांजिण्या ०३/०८/२०२१. आता सगळं पहिल्यापासून टोचायचं का? काल रात्री मला झोप लागली नाही.

केतकी

—

प्रेषक: रोहित
१२ ऑगस्ट २०२५

केतकी, आमचा मुलगा चौदा महिन्यांचा आहे, पुढच्या महिन्यात पाळणाघरात जाईल. तिथेही मोठी यादी हातात दिली. ओळखीच्या एकाने सांगितलं की मॅसॅच्युसेट्समध्ये धार्मिक कारण लिहून दिलं की कुणी काही विचारत नाही. कुणी तसं केलंय का? आम्हाला निदान शाळेपर्यंत थांबायचं होतं.

आणि पुण्याहून भाचा जानेवारीत एमएसला येतोय. त्यालाही लशींचा फॉर्म आलाय. त्याचं काय?

रोहित

—

प्रेषक: मीनल
१३ ऑगस्ट २०२५

केतकी, आधी शांत हो. तू काहीही चुकवलेलं नाहीस. मी मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे, आपल्या लोकांच्या अशा फायली दर ऑगस्टमध्ये बघते.

तुझ्या तारखा वाचल्याबरोबर लक्षात आलं. ०३/०८ म्हणजे आपल्याकडे ३ ऑगस्ट. इथे आधी महिना लिहितात, म्हणून त्यांनी ८ मार्च वाचलं. त्या हिशेबाने ओवी तेव्हा साडेनऊ महिन्यांची होते, आणि इथे एमएमआर नि कांजिण्यांची लस पहिल्या वाढदिवसानंतर दिलेलीच धरतात. खरं तर ती तेव्हा चौदा महिने पूर्ण झालेली होती. ३ ऑगस्टचे एमएमआर आणि कांजिण्यांचे दोन्ही डोस वैध आहेत. फाईलची प्रत काढ, प्रत्येक तारखेपुढे महिना अक्षरात लिही, आणि इथल्या डॉक्टरांकडून ती यादी त्यांच्या फॉर्मवर उतरवून सही घे. बाकी सगळ्यांनीही हे आत्ताच करून ठेवा. दर वर्षी कुणी ना कुणी यात अडकतं.

२ मार्चचा एमएमआर मात्र मोजणार नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्याकडे गोवर तान्ह्या बाळांनाही गाठतो, म्हणून नवव्या महिन्यात पहिला डोस देतात. आईकडून आलेलं संरक्षण तेव्हा थोडं शिल्लक असतं, त्यामुळे काही बाळांमध्ये लस नीट रुजत नाही. इथे बारा महिन्यांपर्यंत थांबतात ते याचसाठी. त्या डोसाने ओवीला त्या दिवसांत सांभाळलं, तो वाया गेला नाही. इथल्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळालाही भारतात जाण्याआधी एमएमआर देतात, आणि तोही पुढे मोजत नाहीत.

किंडरगार्टनला इथे एमएमआरचे दोन, कांजिण्यांचे दोन, हिपॅटायटिस बीचे तीन, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताचे पाच आणि पोलिओचे चार डोस लागतात. पोलिओचा शेवटचा डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा हवा. पल्स पोलिओचे थेंब धरले नाहीत, कारण एप्रिल २०१६ नंतरच्या थेंबांत पोलिओच्या तीनपैकी दोनच प्रकारांची लस असते. ओवीला पोलिओची इंजेक्शनं दिली असतील तर ती मोजतील. नाशिकला असतीस तरी पाचव्या वर्षाचे बूस्टर द्यायचेच होते, ते बहुधा स्थलांतराच्या गडबडीत राहिले. ओवीचे राहिलेले बहुतेक डोस जोडलशीत येतात. चार लशी, दोन इंजेक्शनं.

ज्यांच्याकडे सरकारी कार्ड आहे त्यांनी आणखी एक बघा. त्यावर एमआर लिहिलेलं असतं, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालगुंडाची लस त्यात नाही आणि कांजिण्यांची लस सरकारी यादीतच नाही. ती मुलं आपोआप मागे पडतात. दहाव्या-सोळाव्या वर्षाची टीडीही (धनुर्वात-घटसर्पाची लस) इथे सातवीला लागणाऱ्या टीडॅपच्या जागी चालत नाही. त्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो. सातवीला मेनिंजायटिसची लसही लागते, आणि अकरावीला तिचा दुसरा डोस.

पैशांची काळजी असेल तर, मॅसॅच्युसेट्समध्ये अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नेहमीच्या लशी राज्यच दवाखान्यांना पुरवतं. डॉक्टरांची फी विमा बघेल. विमा अजून सुरू झाला नसेल तर मला वेगळी मेल कर.

रोहित, तुझ्या भाच्याला कळव की तो व्हिसावर येतोय, म्हणजे पार्टटाइम शिकला तरी नियम लागू आहेत. एमएमआर दोन, कांजिण्या दोन, हिपॅटायटिस बी तीन, टीडॅप एक. हिपॅटायटिसच्या पहिल्या आणि तिसऱ्या डोसात किमान सोळा आठवडे जावे लागतात. जानेवारी गाठायची तर त्याने याच आठवड्यात सुरुवात करावी. लहानपणीचे कागद नसतील तर पुण्यातच रक्ततपासणी करून घ्यावी, प्रतिकारशक्ती दिसली तर ती चालते. एमएमआरच्या दोन डोसांत २८ दिवस हवेत. मेनिंजायटिसची लस एकवीस वर्षांपर्यंतच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना लागते. तो बावीसचा असेल तर नको. क्षयाची तपासणी मागितली तर रक्ताची करायला सांग. लहानपणीच्या बीसीजी या क्षयाच्या लशीमुळे त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते.

आणि धार्मिक कारणाबद्दल. रोहित, तुझ्यावर मी रागावलेली नाही, बाळाला टोचताना पोटात गोळा येतो हे मला रोज दिसतं. पण त्या पत्रावर आईवडील स्वतःच्या सहीने लिहून देतात की लस आमच्या मनापासूनच्या धर्मश्रद्धेच्या विरुद्ध आहे. तुमची तशी श्रद्धा आहे का? नसेल तर ती सही खोटी आहे. कनेक्टिकटने ही सूट २०२१ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०१९ मध्ये काढून टाकली, उद्या तिकडे नोकरी लागली तर पुन्हा अडकाल. शाळेत गोवराचा एक रुग्ण निघाला तरी लस नसलेल्या मुलाला २१ दिवस घरी बसवतात. या वर्षी टेक्सासमध्ये शाळकरी वयाची दोन मुलं गोवराने गेली. दोघांनाही लस दिलेली नव्हती.

मीनल

—

प्रेषक: वसंतकाका
१३ ऑगस्ट २०२५

मुलांनो,

मीनलने सगळं नीट सांगितलंय. मी फक्त एक गोष्ट लिहितो.

माझी धाकटी बहीण सुमी १९५८ साली गोवराने गेली. ती तीन वर्षांची होती, मी आठ. आमच्या गावी गोवर निघाला की दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचे. आईने नवस बोलला होता. सहाव्या दिवशी सुमीचा श्वास चढला. तालुक्याचा दवाखाना अकरा मैलांवर होता, बैलगाडी जुंपेपर्यंत उशीर झाला. अमेरिकेत गोवराची लस १९६३ साली आली. आपल्या सरकारी लसीकरणात ती यायला १९८५ उजाडलं. आई तोवर थकली होती. माझ्या पुतणीला लस देऊन आणली तेव्हा ती तिचा दंड हातात धरून बराच वेळ बसली होती.

आमची आई देवभोळी होती, उपासतापास कधी चुकवले नाहीत. पण गावात देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, माणूस आला की आम्हा भावंडांना तीच पुढे करायची. रोहित, धर्माचं कारण लिहिताना एवढं आठव.

शाळेत जायला लस सक्तीची करणारं पहिलं राज्य हे आपलं मॅसॅच्युसेट्सच, १८५५ साली. तुमची मुलं इथे शिकतायत याचा मला आनंद वाटतो.

वसंतकाका

—

प्रेषक: रोहित
१४ ऑगस्ट २०२५

काका, तुमची मेल आम्ही दोघांनी वाचली. अर्ज भरत नाही. मीनलताई, शुक्रवारी बाळाची वेळ घेतली आहे. भाच्याने आज पुण्यात हिपॅटायटिसचा पहिला डोस घेतला.

रोहित

—

प्रेषक: केतकी
२२ ऑगस्ट २०२५

मीनलताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. तारखा अक्षरात लिहून नेल्या. डॉक्टरांनी ऑगस्टचे दोन्ही डोस मान्य केले, आणि राहिलेले काल दोन इंजेक्शनांत दिले. पहिल्याला ओवी रडली, दुसऱ्याला तिने स्वतःच दुसरा हात पुढे केला. पोलिओची चारही इंजेक्शनं फाईलमध्ये होती, पण शेवटचं ती दीड वर्षाची असताना दिलेलं, म्हणून हा आणखी एक डोस घ्यावा लागला. आज नर्सबाईंनी फॉर्म घेतला आणि भारतातून आलेल्या दुसऱ्या एका मुलीची फाईल बाहेर काढून तिच्या तारखा मला वाचून दाखवायला सांगितल्या. तीन होत्या. तिन्ही उलट वाचल्या होत्या.

काका, ओवीला शाळेत घालून आल्यावर तुमच्याकडे घेऊन येते.

केतकी