आधी गॅस बंद, मग झाकण

वर एका ताईंनी लिहिलंय की कढईतलं तेल पेटलं तर पाण्याचा हबका मारावा. ताई, कृपा करून हे कुणालाच सांगू नका. पाणी तेलापेक्षा जड. ते खाली जातं, क्षणात त्याची वाफ होते, ती वाफ सुमारे १७०० पट जागा मागते आणि जळतं तेल चहूकडं उडवते.

आमच्या सांगलीच्या घरी दिवाळीच्या चकल्या तळताना हे झालं होतं. आई दारात कुणाशी बोलायला गेली, तेवढ्यात तेल धुरावलं आणि भडकलं. मी कळशीकडं धावले, तशी आजी ओरडली, "पाणी नको!" तिनं शेगडीचं बटण फिरवलं, परात ढालीसारखी पुढं धरून हळूच कढईवर सरकवली. जाळ विझला. थोड्या वेळानं मी परात उचलायला गेले तर तिनं हात धरला. तेल गार व्हायच्या आत हवा लागली तर पुन्हा पेटू शकतं. तेव्हापासून तळण काढलं की मापाचं झाकण आधी ओट्यावर ठेवते. आणि पेटलेली कढई उचलून मोरीत न्यायची नाही, काही झालं तरी.

मला गळतीची भीती याहून जास्त वाटते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर दिवा, पंखा काहीच चालू-बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन गॅस गळतीच्या हेल्पलाइनला, १९०६ ला, फोन करा.

भाजलं तर २० मिनिटं नळाखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका.