व्हर्च्युअल बॉय नक्की कशामुळे गंडला? फक्त लाल रंगामुळे?

अर्धवट_गेमर:
काल रात्री जुन्या गेम कन्सोलचे व्हिडिओ बघत होतो, एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असं करत निन्टेन्डोच्या व्हर्च्युअल बॉयपाशी पोचलो. आधी वाटलं कोणीतरी हौशी माणसाने घरी बनवलेली गंमत असेल, दोन पायांच्या स्टँडवर मोठा लाल चष्मा आणि माणूस टेबलावर वाकून त्यात तोंड खुपसून बसलाय. पण नाही, १९९५ मध्ये खरोखर विकलाय तो. आणि डिझाइन कोणाचं तर हातात धरून खेळायच्या गेम बॉयवाल्या गुनपेई योकोईचं! जिथे बघावं तिथे एकच उत्तर, सगळं लाल-काळं दिसायचं आणि डोकं दुखायचं म्हणून आपटला. मला हे पूर्ण पटत नाहीये, कारण पहिला गेम बॉय पण एकाच हिरवट रंगात होता आणि तो तर धो धो विकला गेला. मग इथे माशी शिंकली कुठे? आणि सगळे रंग सोडून लालच का?

कंटाळलेला_इंजिनीअर:
लालचं सांगतो. त्याच्या आत आपण म्हणतो तसा स्क्रीनच नाहीये. प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल एलईडींची एकच उभी ओळ, बास. समोर एक छोटा आरसा सेकंदाला ५० वेळा हलतो, आणि तो जसा हलेल तशी ती ओळ वेगवेगळी पेटते-विझते, म्हणजे एकाच ओळीतून ३८४ ओळी शेजारी शेजारी पसरल्यासारख्या दिसतात. अंधारात टॉर्च गरकन फिरवला की उजेडाची सलग रेघ दिसते ना, तोच प्रकार, फक्त प्रचंड शिस्तीत. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळं चित्र दिलं की झाली खोली, म्हणजे थ्रीडीचा भास, तयार. ही आरशाची करामत मूळ अमेरिकेतल्या रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी नावाच्या कंपनीची, निन्टेन्डोने लायसन्स घेतलं होतं.

आता रंगीत करायचं तर हिरवे आणि निळे एलईडी पण पाहिजेत. भरपूर उजेड देणारा निळा एलईडी जपानमध्येच बाहेर आला होता पण १९९३ च्या शेवटी, म्हणजे अगदी नवाकोरा आणि महाग. लाल स्वस्त, बॅटरी कमी खाणारा, अनेक वर्षं वापरून मुरलेला. योकोईचं तत्त्वच ते होतं की जुनं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा कोणी केला नसेल असा वापर करायचा. गेम बॉय त्याच डोक्यातून आला. म्हणजे गंमत बघ, ज्या विचाराने एक कन्सोल तारला त्याच विचाराने दुसरा बुडवला. अजून एक, एलईडी विझला की तिथे खरंच काळं दिसतं, एलसीडीसारखं करडं नाही, त्यामुळे मागची पोकळी अथांग वाटते. ते काळं योकोईला पाहिजेच होतं.

दोन_डी_पॅड:
वरचं सगळं मान्य पण बुडवला वगैरे त्या विचाराने नाही हो. माझ्या मते खरी गोची अशी की हा कन्सोल दुसऱ्याला दाखवताच येत नव्हता!! विचार करा, जाहिरात कशी करणार? मासिकात छापली तर लाल-काळं सपाट चित्र, टीव्हीवर दाखवली तरी तेच. ज्या एका गोष्टीसाठी पैसे मागताय ती गोष्ट चष्म्यात तोंड घातल्याशिवाय दिसतच नाही. शेजारी बसलेल्या मित्राला तुमची फक्त पाठ दिसणार. दोन मशीन जोडायला खाली पोर्ट दिलं होतं पण त्याची केबल कधी विकायलाच आली नाही. अमेरिकेत मग ब्लॉकबस्टरच्या व्हिडिओ दुकानांतून भाड्याने द्यायला लागले, लोकांनी नेलं, खेळून बघितलं, परत करून आले. हौस भागली, विकत कशाला घेतील.

आणि तो धड घरचा नाही धड प्रवासातला नाही. सहा पेन्सिल सेल कंट्रोलरच्या पाठीवर, म्हणजे म्हणायला पोर्टेबल, पण टेबल पाहिजेच, शिवाय स्टँडची उंची तुमच्या मानेच्या सोयीची असेल तर नशीब. १५,००० येन, अमेरिकेत १७९.९५ डॉलर. तेव्हा जपानमध्ये सोनीचा प्लेस्टेशन आणि सेगाचा सॅटर्न हे कन्सोल येऊन काही महिने झाले होते, लोक टीव्हीवर रंगीत थ्रीडी बघत होते. त्यांच्यासमोर हा!

गेम्सचं तर बोलूच नका. सगळे मिळून २२, त्यातले अमेरिकेत १४. तिकडे मशीनबरोबर मारिओज टेनिस यायचा, बरा आहे, पण खोली काढून घेतली तरी तो तसाच खेळता येईल. वारिओ लँड तेवढा खरा, त्यात वारिओ पुढच्या थरातून उडी मारून मागच्या थरात जातो, लहानसा होऊन तिकडे पळतो आणि परत पुढे येतो, तिथे कळतं की हे मशीन कशासाठी केलंय. असे पाच-सहा असते तर आज वेगळी चर्चा असती. जुलै १९९५ मध्ये जपानात आला आणि वर्ष संपेपर्यंत तिथला खेळ खल्लास. एकूण साधारण ७ लाख ७० हजार विकले गेले.

सोल्डरची_धूर:
मी एक उघडून दुरुस्त केलाय म्हणून लिहितो. चालू केला की आरशांची बारीक गुणगुण ऐकू येते, लहान पंख्यासारखी, हेडफोन घातला नाही तर छान ऐकू येते. जुन्या पीसमध्ये आडव्या रेघा दिसणं हा ठरलेला रोग आहे. कारण साधं, एलईडीच्या पट्टीला जाणारी रिबन केबल नुसती चिकटवलेली असते, वर्षांनी तो चिकटा सुटतो, ज्या एलईडीचा संपर्क गेला त्याची आख्खी आडवी रेघ गेली. काही लोक ती पट्टी ओव्हनमध्ये गरम करून परत चिकटवतात, थोडे दिवस चालतं. कायमचं करायचं असेल तर केबलवरचं प्लास्टिक खरवडून एकेक टोक सोल्डर करायचं. हात थरथरला की संपलं. मी मधे दोनदा चहा प्यायला उठलो.

अर्धवट_गेमर:
बाप रे, भारी माहिती. @दोन_डी_पॅड मित्राला फक्त पाठ दिसणार हे एकदम पटलं. पण डोकेदुखीचं मग काय, ती अफवाच का? आणि याच्यामुळे योकोईला काढून टाकलं असं पण वाचलं.

कंटाळलेला_इंजिनीअर:
डोकेदुखी अफवा नाही, तक्रारी तेव्हाच्याच आहेत. कंपनीला पण अंदाज होता, सात वर्षांखालच्या मुलांना देऊ नका अशी सूचना आणि ठराविक वेळाने गेम आपोआप थांबवायची सोय होती. पण बऱ्याच लोकांनी वरचा डायल आणि फोकसचा स्लायडर नीट लावलाच नसणार. सुरू होताना दोन डोळ्यांतलं अंतर जुळवायची एक पाटी येते, कोपऱ्यातल्या खुणा नीट दिसेपर्यंत डायल फिरवायचा असतो. ते कोण करतंय, सगळे बटण दाबून पुढे.

योकोईला काढलं नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये तो स्वतःच बाहेर पडला, त्याच्या आधी गेम बॉय पॉकेट, म्हणजे गेम बॉयचा छोटा अवतार, काढून गेला. मग कोतो नावाची स्वतःची कंपनी, तिथे बंदाई कंपनीसाठी वंडरस्वान या हातात धरायच्या कन्सोलचं काम. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला, वंडरस्वान बाजारात आला १९९९ मध्ये. त्याने बघितलाच नाही तो.

दोन_डी_पॅड:
आणि २०२५ मध्ये निन्टेन्डोने तेच गेम आपल्या स्विच कन्सोलवर आणायची घोषणा केली, त्यासाठी तसाच लाल चष्मा, आत स्विच सरकवायचा. स्टँड पण तोच, दोन पायांचा.

अर्धवट_गेमर:
म्हणजे मान परत वाकवायची 😂 वारिओ लँडसाठी चालेल.