द्वारपाल कापू नका!

द्वारपालाचा प्रवेश म्हणजे नुसता विनोदी भरणा, शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’च्या प्रयोगात कापला तरी चालतो, असं वर कुणीतरी लिहिलंय. अजिबात पटलं नाही. मॅकबेथ करतो तो राजा डंकनचा खून आपल्याला दिसतच नाही, तो आत होतो. दुसऱ्या अंकात समोर दिसतात ती दोन घाबरलेली माणसं, मॅकबेथ आणि त्याची बायको, तुटक बोलणारी: बोललास का? कधी? आत्ता? त्यात खंजीर तिथेच ठेवायचे सोडून हा बाबा हातात घेऊन आलेला! तेवढ्यात दारावर थाप. पुढे तो दारुडा द्वारपाल स्वतःला नरकाचा द्वारपाल समजून बडबडत बसतो, थापा चालूच, दार काही उघडत नाही. हसू येतंच, पण आत ते दोघं हात धुताहेत हे बाहेरच्यांना नाही, फक्त आपल्याला माहीत असतं. ताण तिथेच चढतो.

आमच्या ठाण्यातल्या हौशी ग्रुपने हे दोन प्रवेश बसवले होते. आधी थाप रेकॉर्ड केलेली, स्पीकरवरून. कुणी ढिम्म हललं नाही. मग एकाला विंगेत उभं करून लेव्हलवर (रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्यावर) लाकडी ठोकळा आपटायला लावला, वेळ त्याच्या मर्जीवर. लेडी मॅकबेथ करणारी मुलगी दर तालमीला खरोखर दचकायची. प्रयोगात मात्र हशा मिळतोय म्हटल्यावर द्वारपालाने बडबड लांबवली (नटच तो!), तेव्हा ठोकळेवाल्याने आपणहून थापा जवळजवळ आणून त्याला दाराकडे पळवला.