शेवटच्या अंकातला मॅकबेथ: हळहळ कशामुळे वाटते?

प्रश्न:
शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' पुन्हा वाचताना पाचव्या अंकापाशी अडखळलो. गादीसाठी मारलेला राजा डंकन, मित्र बँको, सरदार मॅकडफची बायकामुले, एवढ्यांच्या रक्ताने हात माखलेल्या माणसाचा शेवट जवळ आला की हायसे वाटायला हवे, पण मन हळहळते. नाटककाराने हे कशाने साधले असावे?

प्रतिसाद १:
त्या अंकाचा तिसरा प्रवेश सावकाश वाचून पाहा. आदल्याच प्रवेशात विरोधातला सरदार अँगस मॅकबेथबद्दल म्हणतो की, राक्षसाचा झगा खुज्या चोराच्या अंगावर लोंबावा तशी याची राजपदवी याला सैल होत चालली आहे. आणि पाठोपाठ मॅकबेथ चिलखत मागतो. एवढ्यात गरज नाही, असे त्याचा सेवक सीटन सांगतो तरी तो हट्टाने ते चढवायला लावतो, वैद्याशी बोलता बोलता ओढून काढा म्हणतो, आणि निघताना 'मागाहून घेऊन या' असे बजावतो. बर्नमचे रान चालून येईपर्यंत भय नाही, हे चेटकिणींकडून मिळालेले भाकीत तोंडाने घोकणाऱ्याला अंगावरच्या चिलखताचा निर्णय करता येत नाही. पहिल्या अंकात 'मला उसनी वस्त्रे का चढवता' असे विचारणारा हाच माणूस होता.

प्रतिसाद २:
चिलखताचा मुद्दा मान्य. मला मात्र त्याच प्रवेशातले त्याचे स्वगत अधिक महत्त्वाचे वाटते. उतारवयाला शोभणारा मान, प्रेम, मित्रांचा मेळा यांतले काहीही आपल्या वाट्याला येणार नाही, येतील ते दबक्या आवाजातले शाप आणि तोंडदेखला आदर, हा हिशेब त्याने स्वतःच मांडलेला आहे. खुनाच्या रात्री प्रत्येक आवाजाला दचकणाऱ्या या माणसाला पाचव्या प्रवेशात बायकांचा आक्रोश ऐकून भीतीची चवसुद्धा आठवत नाही. त्यानंतर राणी गेल्याची बातमी येते, आणि तिच्यासाठी रडण्याऐवजी तो 'उद्या, आणि उद्या, आणि उद्या' एवढेच मोजत बसतो. शिक्षा म्हणतात ती हीच. मॅकडफची तलवार नंतर येते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. अखेरीस डंकनचा मुलगा माल्कम मॅकबेथला 'मेलेला खाटीक' म्हणतो, तो शब्द खोटा नसूनही अपुरा का वाटतो, हे आता ध्यानात येते. माल्कमने ते स्वगत ऐकलेले नाही, आपण ऐकलेले आहे.