लेझी एरर आली म्हणून मॅपिंग ईगर करू नका

हायबरनेट (जावा ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची टेबलं जोडणारी लायब्ररी) वापरताना ऑर्डरच्या आयटम्सवर लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन (गरज पडल्यावर आणायचा डेटा आणता न आल्याची एरर) येतंय, असा प्रश्न आहे; त्यावर एका उत्तरात मॅपिंग ईगर करायला, म्हणजे ऑर्डरसोबत आयटम्स नेहमी लगेच आणायला सुचवलंय. कृपया तसं करू नका. एरर जाईल, पण नुसती ऑर्डरची तारीख हवी असली तरी आयटम्स ओढले जातील आणि ऑर्डर्सच्या यादीच्या जेपीक्यूएल (जावा ऑब्जेक्टवर लिहायची क्वेरी भाषा) क्वेरीत दर ऑर्डरमागे एक जादा सिलेक्ट सुटेल. सेशन (ज्यातून हायबरनेट डेटाबेसशी बोलतं ते) बंद झाल्यावर आयटम्सच्या कलेक्शनला हात लागतोय, हे खरं दुखणं. जिथे आयटम्स हवेत त्याच क्वेरीत जॉइन फेच लिहा, म्हणजे ऑर्डर आणि आयटम्स एकाच सिलेक्टमध्ये येतील.

वेबवर चालणारा तोच कोड शेड्यूल्ड जॉबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात) का फुटतो, असंही विचारलंय. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये ओपन-इन-व्ह्यू हे सेटिंग मुळातच चालू असतं, त्यामुळे रिक्वेस्ट संपेपर्यंत सेशन उघडं राहतं. जॉब वेब रिक्वेस्टमधून चालत नाही, म्हणून त्याला ती सोय मिळत नाही. बदलानंतर हायबरनेटचा एसक्यूएल लॉग डीबगवर टाकून सिलेक्ट मोजाच.