एमव्हीडीआर बीमफॉर्मर: हवा तो सिग्नल जोरात आला की आउटपुट बिघडतं

तरंग_८६६:
एमव्हीडीआर बीमफॉर्मर चालवतोय, म्हणजे प्रत्येक अँटेनाच्या सिग्नलला ठरावीक वेट (गुणक) देऊन बेरीज करायची, हव्या दिशेचं ऐकायचं, बाकीचं दाबायचं. ८६६ मेगाहर्ट्झ, एका रेषेत ५ अँटेना, मधलं अंतर १७.३ सेंमी (अर्धी तरंगलांबी). पाच चॅनेलचा ८ बिटांचा कोहेरंट रिसीव्हर (सगळे चॅनेल एकाच क्लॉकवर), चॅनेलच्या फेजचं कॅलिब्रेशन आतल्या नॉइज सोर्सने. हवा तो ट्रान्समीटर ० अंशांवर (रेषेच्या अगदी समोर), त्रास देणारा ४० वर. हवा तो सिग्नल कमजोर असेपर्यंत ४० अंशांवर झकास नल पडतो, म्हणजे त्या दिशेचा गेन जवळपास शून्य. तोच ट्रान्समीटर ३ मीटरवर आणला की आउटपुट एका साध्या अँटेनापेक्षाही वाईट. कोव्हेरियन्स (चॅनेल एकमेकांशी किती जुळतात याचा मॅट्रिक्स, वेट यावरूनच निघतात) ५० सॅम्पलवरून. कोड तीनदा तपासलाय.

नल_शोधक:
कोड सोडा, स्टिअरिंग व्हेक्टर बघा, म्हणजे हव्या दिशेची लहर प्रत्येक अँटेनावर कुठल्या फेजने येईल याची तुम्ही दिलेली यादी. एमव्हीडीआरला एवढंच कळतं: सांगितलेल्या दिशेला गेन १ ठेव, बाकी दिसेल ती पॉवर दाब. व्हेक्टर थोडा जरी चुकला तरी तुमचाच सिग्नल त्याला परका, आणि तो जितका जोरदार तितका जास्त दाबला जातो. ४० अंशांचा नल मोजलेल्या डेटातूनच पडतो, त्याला कॅलिब्रेशन लागत नाही. त्यामुळे नल खोल पडला म्हणून कॅलिब्रेशन बरोबर, असं धरू नका.

नॉइज सोर्स रिसीव्हरच्या आत आहे, अँटेनाच्या केबल बाहेर, त्यामुळे त्यांची फेज कॅलिब्रेशनमध्ये येतच नाही. आरजी-५८ केबलमध्ये या फ्रीक्वेन्सीची तरंगलांबी सुमारे २२.८ सेंमी, म्हणजे १ सेंमी कमीजास्त झाली की जवळपास १६ अंश फेज गेली. शिवाय ३ मीटरवर लहरीचा वक्रपणाच टोकाच्या अँटेनांना २० अंशांच्या आसपास चूक देतो. १५ मीटर मागे जा, ट्रान्समीटर ३० अंशांवर ठेवा आणि शेजारच्या जोड्यांतला फेज-फरक मोजा. प्रत्येक जोडीत ९० यायला हवा. सगळीकडे उणे ९० आला तर चिन्ह किंवा चॅनेलचा क्रम उलटा आहे.

लोडिंग_वाला:
तोवर कोव्हेरियन्सच्या कर्णावर नॉइज पॉवरच्या १० पट मिळवा (यालाच लोडिंग म्हणतात). कमजोर इंटरफिअरन्सवरचा नल थोडा उथळ होईल, जोरदारावरचा टिकेल. जमत असेल तर हवा तो ट्रान्समीटर गप्प असतानाचे सॅम्पल घ्या, त्यात स्वतःला दाबण्याचा प्रश्नच उरत नाही. अँटेनांच्या दुप्पट सॅम्पल पुरे हा प्रसिद्ध नियम (सरासरी तोटा ३ डेसिबल) त्याच परिस्थितीसाठी आहे. सिग्नल आत असेल तर ५० कमीच, हजारभर घ्या.

नल_शोधक:
लोडिंग चूक झाकतं, काढत नाही. आधी मोजमाप.

गेन_कमी_करा:
एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) क्लिप होतोय का, म्हणजे जास्त जोरदार सिग्नलची टोकं कापली जातायत का, तेही बघा. भारतात ८६९ च्या वर मोबाइल टॉवरचं डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे जाणारा सिग्नल) सुरू होतं, आणि ८ बिटांत जेमतेम ५० डेसिबलची रेंज मिळते. एकदा क्लिप झालं की कुठलंही वेट उपयोगाचं नाही. पाचही चॅनेलना ८६५-८६७ चे सॉ फिल्टर (तेवढाच पट्टा आत सोडणारे) लावा, पण तेही कॅलिब्रेशनच्या बाहेरच राहतात हे विसरू नका.

तरंग_८६६:
क्लिपिंग नाही. १५ मीटरवरून, ३० अंशांवर: ९१, ८९, १०७, ७३.

नल_शोधक:
१०७ मध्ये १७ जास्त, ७३ मध्ये तेवढेच कमी. म्हणजे एकटा चौथा चॅनेल १७ अंश सरकलाय, पाचवा ठीक. चौथी आणि दुसरी केबल अदलाबदल करून पुन्हा मोजा. चूक दुसऱ्यावर गेली तर केबलच, सेंमीभर लहानमोठी. कापू नका, व्हेक्टरच्या त्या घटकाला १७ अंशांची दुरुस्ती द्या. चूक चौथ्यावरच राहिली तर त्या अँटेनाचा ग्राउंड आणि एसएमए कनेक्टर बघा.