मॅलॉक फेल झाल्याची टेस्ट : गरज की रिकामटेकडे उद्योग?

शून्यपत्ता
परवा कोड रिव्ह्यूत जुंपली. आमच्या एका सी लायब्ररीच्या टेस्टमध्ये मी लूप टाकला. मॅलॉक म्हणजे सिस्टिमकडे मेमरी मागणारं फंक्शन, आणि नल म्हणजे शून्य पत्ता, 'मिळाली नाही'. पहिल्या फेरीत पहिला मॅलॉक मुद्दाम नल देणार, दुसऱ्या फेरीत दुसरा, मग तिसरा... एकही मॅलॉक न पडता फेरी पार पडली की थांबायचं. सीनियरची कॉमेंट आली : "मेमरी संपते कधी? काढून टाक हे." अजून काढलेलं नाही.

ही काही माझी अक्कल नाही. एसक्यूलाइट डेटाबेसवाले वर्षानुवर्षं हेच करतात, तेही दोन तऱ्हांनी. एकदा फक्त तो एकच मॅलॉक पाडून पुढचे चालू देतात, आणि एकदा तिथून पुढचे सगळेच पाडतात. कर्ल या डाउनलोडच्या टूलची टॉर्चर टेस्ट म्हणजेही हेच. आमच्या कोडमध्ये 'नल आला तर'च्या आत चार ओळी सहा वर्षांपासून बसल्यात, एकदाही चाललेल्या नाहीत. त्या बरोबर आहेत हे कुणाच्या भरवशावर म्हणायचं?

कोल्हापुरी_कर्नल
सीनियरचं बरोबर आहे राव. लिनक्सवर साधा मॅलॉक नल देतो कुठे? ओव्हरकमिट असतं. बहुतेक मागण्यांना कर्नल (सिस्टिमचा गाभा) 'घे' म्हणतो, मेमरीची खरी पानं देतो ती तुम्ही लिहायला गेल्यावर. पत्रिका हजार वाटायच्या आणि पंगत पाचशेची धरायची, सगळे थोडेच येतात! आलेच सगळे, तर ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) येऊन कुणाला तरी भरल्या पानावरून उठवतो. तो सिगकिल, म्हणजे प्रोसेसला अडवता न येणारा मृत्यूचा सिग्नल असतो, त्यात तुमचा नल चेक बघतोय कोण? कंटेनरच्या लॉगमध्ये एक्झिट कोड १३७ (सिगकिलने मेल्याची खूण) दिसतो, विषय संपला. म्हणूनच ग्लिब लायब्ररीचं जी-मॅलॉक सरळ अबॉर्ट करतं, म्हणजे प्रोग्रामच बंद पाडतं, रेडिस हा डेटाबेसही तेच करतो. लिहिणारे काही दूधखुळे नाहीत. प्रोसेस मरू द्या, सिस्टिमडी (सेवा सुरू ठेवणारा प्रोग्राम) उठवेल.

सदाफुली
असहमत. ओव्हरकमिट ही सेटिंग आहे, निसर्गनियम नव्हे. पोस्टग्रेस डेटाबेसच्या मॅन्युअलमध्येच ती २ वर ठेवून बंद करायचा सल्ला आहे, आणि कारण ऐकण्यासारखं आहे. मॅलॉक फेल झाला तर एक क्वेरी 'आउट ऑफ मेमरी' म्हणून परत येते, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. ओओएम किलरने एक बॅकएंड (एका कनेक्शनची प्रोसेस) मारला, तर शेअर्ड मेमरी बिघडली असेल या धास्तीने पोस्टमास्टर, म्हणजे मुख्य प्रोसेस, सगळ्यांचीच कनेक्शनं तोडून क्रॅश रिकव्हरी करतो. एकाच्या पापाचं प्रायश्चित्त साऱ्या गावाला.

शिवाय विंडोज लिनक्ससारखं ओव्हरकमिट करत नाही. यूलिमिटने मेमरीची मर्यादा लावलेली प्रोसेस आहे, ३२ बिटी ॲड्रेस स्पेस आहे. नल तिथे येतोच. तुमची लायब्ररी कुठे चालणार हे तुम्ही ठरवता का?

कोल्हापुरी_कर्नल
ताई, रेडिसवाले नेमकं उलट सांगतात : ओव्हरकमिट १ वर (कायम चालू) ठेवा, नाहीतर बॅकग्राउंड सेव्हचा फोर्क, म्हणजे प्रोसेसची प्रत काढणं, फेल होईल. दोन्ही एकाच मशीनवर टाकणाऱ्याने काय करावं, दोन नावांनी देव पाण्यात ठेवावेत?

पेठेतला_पायथॉन
आम्ही पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

म्यूनिकवासी
गाड्यांच्या ईसीयूवर (आतल्या कंट्रोल कॉम्प्युटरवर) काम करतो. आमच्याकडे हा वादच होत नाही, कारण मिस्रा सी या सुरक्षित सी लिहिण्याच्या नियमांत मॅलॉकलाच मनाई आहे. नासाच्या जेपीएलमधल्या होल्झमनने २००६ मध्ये दहा नियम लिहिले, त्यातला तिसरा तोच : सुरुवातीची जुळवाजुळव झाली की नंतर डायनॅमिक मेमरी (चालताना मागून घेतलेली) नाही.

'मरू द्या, उठेल' म्हणणाऱ्या कर्नलसाहेबांसाठी २००४ चा स्पिरिट रोव्हर. फ्लॅश मेमरीत फायली साठत गेल्या. फाइल सिस्टिम डिरेक्टरीची सगळी माहिती रॅममध्ये ठेवायची, ती मावेना. ॲलोकेशन फेल, म्हणून रीसेट. उठल्या उठल्या तीच फ्लॅश माउंट करायला गेला, परत फेल, परत रीसेट. साठाहून जास्त वेळा. मंगळावर! झोपताही येईना, बॅटरी उतरत चालली. शेवटी 'फ्लॅश माउंट न करता उठ' अशी कमांड पाठवली तेव्हा गाडी ताब्यात आली. उठून परत त्याच खड्ड्यात पाय घालणार असाल, तर रीस्टार्ट हा उपाय नाही.

कोल्हापुरी_कर्नल
अंतराळात जायचं तर मीही येतो. अपोलो ११, १२०२ अलार्म. त्याचा अर्थ काय? कोअर सेट शिल्लक नाही, नवं काम ठेवायला जागाच नाही. कॉम्प्युटरने काय केलं? रीस्टार्ट! बिनमहत्त्वाची कामं टाकून दिली, उतरण्याची परत उचलली, यान चंद्रावर. प्रत्येक मागणीपाशी नल चेक लावत बसले असते तर?

सदाफुली
हे उदाहरण तुम्ही काढलंत म्हणजे कमाल झाली, ते माझ्या बाजूचं आहे. उड्डाणाच्या थोडे दिवस आधी सिम्युलेशनमध्ये मुद्दाम १२०१ अलार्म दिला होता, त्याच जातीचा. गाइडन्स बघणाऱ्या स्टीव्ह बेल्सने अबॉर्ट सांगितला, आणि तो निर्णय चुकीचा ठरला. मग फ्लाइट डायरेक्टर जीन क्रान्झने प्रत्येक अलार्मला काय करायचं ते लिहून काढायला लावलं. इंजिनीअर जॅक गार्मनने हाताने यादी केली. उतरताना खरा अलार्म वाजला तेव्हा ती यादी समोर होती, म्हणून काही सेकंदांत 'गो' गेला. जागा संपल्याची टेस्ट आधी झाली होती, साहेब.

आणि 'चेक नसेल तर फार तर क्रॅश होईल' हेही डोक्यातून काढा. प्रोग्रामला अवाढव्य साइज मागायला लावायचा, नल आला की त्यावर आपल्याला हवा तो ऑफसेट मिळवायचा, आणि लिहायचं. पत्ता शून्याच्या जवळपासही राहत नाही. मार्क डाउडने २००८ मध्ये ब्राउझरमधला फ्लॅश प्लेअर असाच फोडून दाखवला होता.

शून्यपत्ता
धागा पेटलाय, तेवढ्यात इकडची बातमी. काल रात्री लूप ॲड्रेस सॅनिटायझरसकट (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) चालवला. बावीस फेऱ्या सुरळीत, तेविसाव्या फेरीत डबल फ्री, म्हणजे एकच मेमरी दोनदा परत केली. रेकॉर्ड अर्धवट भरलेलं असताना एरर आल्यावर आवराआवर करणाऱ्या क्लीनअपकडे उडी मारली होती. नाव आधीच फ्री केलेलं, पॉइंटर नल केलाच नव्हता, खाली क्लीनअपने ते परत फ्री केलं.

आता खरी मेख. त्याच क्लीनअपकडे दुसरी एक उडी जाते, इनपुट फाइल मध्येच तुटली तर. तिला मेमरी संपावी लागत नाही, वायफाय गेलं की पुरे. दोन वर्षांपूर्वी एका ग्राहकाकडे 'कधीतरी उगाचच' क्रॅश होत होतं. तिकीट 'रिप्रोड्यूस होत नाही' म्हणून बंद केलं होतं, आमच्याच टीमने.

कोल्हापुरी_कर्नल
हे पटलं. मेमरी संपते म्हणून नाही, क्लीनअपपर्यंत पोचायला मॅलॉक पाडायचा, असं म्हणा ना! मग अर्धवट फायलीच का नाही देत टेस्टला? आणि फेऱ्यांचं गणित केलंत का? टेस्टमध्ये वीस हजार ॲलोकेशनं असतील तर वीस हजार फेऱ्या. तुमचा सीआय (आपोआप टेस्ट चालवणारा सर्व्हर) पुढच्या दिवाळीला हिरवा होईल.

शून्यपत्ता
फाइल कुठे तोडायची हे मला सुचावं लागतं, मॅलॉकचा नंबर मोजणीतून आपोआप मिळतो. बाकी वेळेबद्दल मान्य. आमच्या टेस्टमध्ये तीनशेच्या आसपास आहेत म्हणून परवडतं. मोठ्या टेस्टना रात्री रँडम नंबर पाडणार.

सदाफुली
२०१४ च्या ओएसडीआय परिषदेत युआन आणि सहकाऱ्यांचा पेपर होता : कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस वगैरे अनेक मशीनवर चालणाऱ्या सिस्टिम्समध्ये सगळी सिस्टिमच झोपल्याच्या घटना तपासल्या. त्यातल्या ९२ टक्क्यांमध्ये मूळ एरर जीवघेणी नव्हती आणि प्रोग्रामला कळवलेलीही होती, ती हाताळणारा कोड चुकला. सीनियरना पाठवून द्या.

कोल्हापुरी_कर्नल
माझं अजूनही म्हणणं आहे की ॲप्लिकेशन कोडमध्ये अबॉर्ट करा आणि सुखाने झोपा. लायब्ररी असेल तर मात्र दुसऱ्याच्या घरात मरायचा हक्क आपल्याला नाही, एवढं मानतो.

शून्यपत्ता, एक सांगा. मॅलॉक लिंकरच्या रॅप पर्यायाने गुंडाळलाय का? तसं असेल तर स्ट्रडप आणि गेटलाइन ही तयार फंक्शनं निसटली. ती लिबसी या मूळ सी लायब्ररीच्या पोटात मॅलॉक करतात, रॅप तिथवर पोचत नाही. एलडी प्रीलोडने (प्रोग्राम सुरू होताना आपला मॅलॉक आधी लोड करून) करून बघा.

शून्यपत्ता
रॅपच आहे. आणि स्ट्रडप अकरा ठिकाणी आहे. बसतो परत.